हिरूबाईंचा राब आणि आमचा तंबू

तंबू वन्संनी आणला. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र एकदम ठणठणीत. "शुभा, जन्मभर छपराखाली झोपले. आता एकदा उघड्यावर झोपायचंय. आणि तुझ्या नवऱ्याला बरोबर घ्यायचं नाही, तो घोरतो," असं त्यांनी जाहीर केलं आणि मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही दोघी नणंद-भावजया मुलुंडहून गाडी काढून निघालो. मुंबईपासून दोन-तीन तासांवर स्वतःचा तंबू लावता येईल अशी जागा शोधायची, एवढाच बेत होता.

आधीच सांगते, ही पोस्ट गोड नाही. रस्ते, खाणं, खर्च हे सगळं सांगेन, पण या सहलीत मुरबाडच्या एका बाईची वर्षाची शेतीची तयारी आमच्या करमणुकीसाठी जाळली गेली, आणि त्या आगीपुढे बसून आम्ही हसत होतो. मला तेव्हा राग आला तो अजून गेलेला नाही. ज्यांना फक्त सूर्यास्ताचे फोटो हवेत त्यांनी इथेच थांबावं.

नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत काम चालू आहे. ते माझ्या लहानपणापासूनच चालू असावं असा मला संशय आहे. काचा वर ठेवा, पाणी घरूनच घ्या, आणि ट्रकच्या मागे हॉर्न वाजवून काही होत नाही हे लक्षात ठेवा. शहापूरला स्टँडजवळ गरम वडापाव खाल्ला. सोबतची लसणाची चटणी इतकी जहाल की वन्सं दहा मिनिटं गप्प होत्या. सबंध प्रवासातली तेवढीच शांतता.

पहिली जागा सापगावच्या पुढे. जाहिरातीत 'नदीकिनारी निवांत कॅम्प'. प्रत्यक्षात पत्र्याची शेड, खाली सिमेंटचा कोबा, कोब्यावर ओळीने तंबू. नदी होती, पण कंपाउंडच्या भिंतीपलीकडे.

"भिंत कशाला?" मी विचारलं.

"सेफ्टी मॅडम," तिथला माणूस म्हणाला. "आणि तुमचा टेंट नाय चालणार. बाहेरचा टेंट अलाउड नाय."

"म्हणजे थिएटरात बाहेरचे पॉपकॉर्न नेता येत नाहीत तसं?" वन्संनी विचारलं. तो आनंदाने "हां, सेम" म्हणाला.

दुसरी जागा किन्हवलीच्या बाजूला. रस्ता छान, दुतर्फा सागाची झाडं, पानं गळून उघडी पडलेली. जागा मात्र बंद पडलेली पोल्ट्री. जाळ्या तशाच, कोंबड्यांच्या जागी तंबू. चुना मारला होता, पण वास चुन्याला घाबरत नाही. एवढ्यासाठी माणशी जे पैसे मागत होते त्यात शहापूरला पंख्याची बरी खोली मिळते. "आम्ही अंडी घालायला आलेलो नाही," असं सांगून वन्सं गाडीत जाऊन बसल्या.

किन्हवलीवरून सरळगाव, तिथून मुरबाड, आणि पुढे सिद्धगडाच्या अंगाने आत. हा रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, पण खड्डे कमी. पेट्रोल मुरबाडलाच भरून घ्या. तिसरी जागा बघितली आणि आमचा जीव थंड झाला. कापलेल्या भाताची मोकळी खाचरं, मागे डोंगर, हिरव्या जाळीचं कुंपण, मधे वीस-पंचवीस तंबू. मालक मुंबईत कुठेतरी, चालवायला सनी नावाचा कल्याणचा पोरगेला मॅनेजर. आमचा तंबू चालेल म्हणाला, फक्त पैसे त्यांच्या तंबूएवढेच पडतील. मला तेव्हाच संताप आला होता, पण वन्संचे गुडघे आणि माझी पाठ दोन्ही थकले होते. दिले.

संध्याकाळी स्पीकर लागला. पनीर टिक्का आला, आत थंड आणि बाहेर काळा. मग सनी म्हणाला, "चला, बोनफायर!" सगळे खुर्च्या घेऊन कुंपणाच्या कडेला गेले. जाळी एका जागी उचललेली होती आणि पलीकडे, शेजारच्या खाचरात, पुरुषभर उंचीचा ढीग रचलेला होता. सुकी पानं, डहाळ्या, गवत, मधे मधे शेणाचे वाळलेले गोळे. वरून दगड ठेवून नीट दाबलेला. मला तो कचऱ्याचा ढीग वाटला नाही, पण तो कुणाचा असेल हेही मनात आलं नाही. सनीने बाटलीतलं काहीतरी शिंपडून काडी ओढली.

आग उसळली ती झाडाच्या शेंड्याएवढी. लोकांनी टाळ्या पिटल्या. मोबाइल वर गेले. वन्संनी घरून आणलेली रताळी काठीने निखाऱ्यात सारली. "मॅडम, स्माइल!" असं सनी ओरडला आणि आम्ही दोघींनी मनापासून हसून दाखवलं.

तेवढ्यात शेजारच्या वाडीच्या बाजूने आवाज आला. आधी शब्द कळत नव्हते. मग एक बाई बांधावरून धावत आली. वन्संच्याच वयाची, पदर खोचलेला, पायात काही नाही.

"कोणी पेटवला रे? कोणी पेटवला? मेल्यांनो, माझा राब जाळला! कोनाला विचारून हात लावला?"

सगळे मोबाइल खाली गेले. स्पीकर कुणीतरी बंद केला. सनी पुढे झाला. "अरे मावशी, टेन्शन मत लो. सूखा कचरा होता ना."

"कचरा? तुझ्या बापानं जमवला व्हता का? तीन महिनं पातेरा वाहून मान मोडली माझी!"

त्याने खिशातून नोटा काढल्या. बाईंनी बघितलंही नाही. "ह्याचा पाला दे मला बाजारातून आणून. मिळतो का? दे ना, कुठं मिळतो?" आणि वाकून हातांनीच ढिगाची न पेटलेली बाजू ओढायला लागल्या.

पहिल्यांदा हलल्या त्या वन्सं. खुर्ची ढकलून गेल्या आणि नवे पांढरे बूट घालून पानं ओढायला लागल्या. मग मी. आम्ही तिघींनी जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं. बाकीचे वीस-पंचवीस जण उभे होते. एक जण बायकोला म्हणाला, "चल, उगाच आपल्यावर यायचं." माझा हात पोळला होता, म्हणून तो माणूस माझ्या तावडीतून वाचला. चौथा हिस्सा पाला राहिला. बाकीच्याची राख झाली, आणि ती राखही रोपं पेरायच्या तुकड्यावर नाही, भलत्याच कोपऱ्यात.

राब म्हणजे काय, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून सांगते. भाताची रोपं जिथे पेरतात त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, डहाळ्या, पानं, गवत पसरून वर माती टाकतात आणि हळूहळू धुमसत भाजतात. त्याने तण मरतं, किडे मरतात, रोप जोमाने येतं. त्यासाठी थंडीपासून पातेरा, म्हणजे सुका पाला, जमवायचा. हिरूबाई हे त्या बाईंचं नाव. त्यांचा मुलगा आणि सून भिवंडीकडे वीटभट्टीवर. घरी त्या एकट्या. जमीन एवढीशी. तो ढीग त्यांनी एकटीने डोक्यावरून भारे वाहून रचला होता.

"पुन्हा जमवता येईल ना?" मी मूर्खासारखं विचारलं.

"आता कुठून, बाय? जंगलातला लोकांनी उचलला, रायला तो वणव्यानं खाल्ला. झाडांच्या डहाळ्या मी एकदा तोडल्या, आता पावसापर्यंत हात लावता येत नाय."

मी सनीला मालकाचा फोन लावायला सांगितला. मालक म्हणाला, सॉरी, सकाळी बघू, आणि पाहुण्यांना डिस्टर्ब करू नका. पाहुणे म्हणजे आम्ही! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मला स्वतःला शोभणारं नव्हतं, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. मी ओरडत असताना वन्संनी आमचा तंबू उपटून गुंडाळलासुद्धा.

"आम्हाला इथे नाही राहायचं," त्या हिरूबाईंना म्हणाल्या. "तुमच्याकडे कुठे लावू?"

"लावा कुठं पन. माझ्या डोक्यावर नका लावू." मग चार पावलं गेल्यावर वळून, "आंगणात खुंट्या ठोकाल तर बघा. कालच सारवलंय."

तर मंडळी, मुंबईजवळ तंबू लावायला आम्हाला सापडलेली सगळ्यात चांगली जागा ही. खुंट्यांशिवाय, एक दोरी गोठ्याच्या मेढीला, दुसरी शेवग्याला बांधून. तंबू एका बाजूला कलला होता. वन्संना त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी कोरा चहा, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. हिरूबाईंचा राग तसाच होता, फक्त आता त्याला काम मिळालं होतं. "गाडी हाय ना तुमची? मंग आणा. नुसत्या बसून काय करताव."

मुरबाडच्या रस्त्याच्या कडेला सागाची, ऐनाची पानं पडून राहिलेली असतात, ती लोक फारशी उचलत नाहीत, कारण वाहून न्यायला लांब पडतं. आम्ही तिघी झाडू, पोती आणि एक जुनी साडी घेऊन त्या कडेने फिरलो. मागची सीट पाडली. डिकी भरली, सीट भरली, वन्संच्या पायाशी भरलं. फेऱ्यांवर फेऱ्या. हिरूबाई हाताने पानं चाळून कागद आणि गुटख्याच्या पुड्या बाहेर फेकत आणि प्रत्येक पुडीला एक शिवी देत. "प्लॅस्टिक भाजलं तर रोप मरंल," असं एकदाच म्हणाल्या, मग नुसत्या शिव्या. कॅम्पातल्या गाड्या परतीला निघाल्या तेव्हा आमच्या शेजारून गेल्या. एकाने हॉर्न वाजवून हात केला. मी हात केला नाही.

दुपारपर्यंत वाचलेला आणि आणलेला मिळून निम्म्या तुकड्याला पुरेल एवढा पाला झाला. "आर्ध्यात भाजंन. आर्ध्यात तशीच पेरंन नि तण काढीत बसंन," हिरूबाई म्हणाल्या. आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं.

घरी आल्यावर मी कॅम्पच्या इंटरनेटवरच्या पानावर सगळं लिहिलं. उत्तर आलं: 'भेटीबद्दल धन्यवाद, पुन्हा या!' खाली हसरा चेहरा. दोन दिवसांनी माझं लिहिलेलं गायब झालं. आणि त्याच आठवड्यात त्यांनी नवीन जाहिरात टाकली. काळोख, डोंगराची कड, मधोमध उंच ज्वाळा, समोर रताळ्यांची काठी धरून हसणाऱ्या दोन बायका. 'बोनफायर नाइट, उन्हाळी सवलत'. फोटो काढून टाका म्हणून मी रोज लिहिते. रोज हसरा चेहरा येतो.

आमच्या सोसायटीत बदामाची आणि पर्जन्यवृक्षाची पानं रोज झाडून काळ्या पिशव्यांत भरतात. पुढच्या शनिवारी मी त्या मागितल्या तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, कचरा बाहेर न्यायचा तर कमिटीला विचारावं लागेल." कचरा हा शब्द ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. त्यांना मी जे सुनावलं त्याने वरच्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या. पिशव्या मिळाल्या. वन्सं आणि मी त्या हॉलमध्ये ओतून चॉकलेटचे कागद वेचले आणि रविवारी मुरबाडला पोचवल्या.

हिरूबाईंनी बदामाचं पान हातात चुरगळून पाहिलं. "चालंल," म्हणाल्या. मग मी मोबाइलवर ती जाहिरात दाखवली. दाखवायची की नाही हे वाटेत दोघी भांडून ठरवलं होतं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं. आधी आग, मग आम्ही दोघी.

"मी शिव्या घालीत धावत आले, तो फोटू नाय काढला?" त्यांनी विचारलं.

नाही, तो कुणीच काढला नाही. तेव्हा सगळ्यांचे मोबाइल खाली होते. तो फोटो नाही म्हणून मी हे लिहिलं आहे. ज्वाळेच्या उजवीकडे हसणारी, चष्म्याची ती मी. जाहिरात दिसली तर ओळखा, आणि जळतंय ते हिरूबाईंचं आहे एवढं त्याखाली लिहा.