ओगेरीचं राहिलेलं सुतक

"ओगेरी ना? कडक बाई होती हो," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. कडक म्हणे. तिच्याच हातचं मीठ खाऊन जगलेली ही माणसं.

आमच्या गावाला खाऱ्या पाण्याचं तळं आहे. ते पाणी आटवून मीठ करणं हे पिढ्यान्पिढ्या बायकांचं काम. पुरुषाने काठाच्या शिवेत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. पण मी लग्न होऊन आले तोवर हे काम मोडीत निघालं होतं. बंदरातून पांढरंशुभ्र मीठ पोत्यांनी यायचं, तेही मातीमोल. मग धुरात डोळे कोण फोडून घेणार? एकटी ओगेरी पाऊस सरला की हट्टाने तळ्यात उतरायची. तिचं राखाडी मीठ लोक शेळ्यांना चाटवायला नेत. आम्ही तिला चिडवायचो, "बिकोच्या आई, शेळ्या तुला दुवा देतात हो."

"देऊ देत," ती म्हणायची. "माणसांपेक्षा शेळ्या बऱ्या. खाल्लेलं विसरत नाहीत."

बिको तिचा एकुलता एक. आधीची तिन्ही लेकरं गेली, म्हणून याचं नाव ठेवलं ओन्वुबिको. म्हणजे, मरणा, तुझ्या पाया पडते. उंच पोरगा, पुढचे दोन दात जरा बाहेर. आईच्या चुलीसाठी जंगलातून लाकूड आणायचा, शिवेवर टाकायचा आणि लांबूनच ओरडायचा, "आई, जेवायला घरी येतेस की मडक्यातच राहतेस?"

मग लढाई पेटली आणि बिको लढायला गेला. नायजेरियातून फुटून आम्ही बियाफ्रा हा वेगळा देश झालो, आणि लागोसच्या सरकारने बोटी आणून आमच्या समुद्राचं तोंडच बांधून टाकलं. आमच्यापैकी किती जणींनी समुद्र पाहिला होता? एकीनेही नाही. तरी तो बंद झालेला आम्हाला आमच्या बाजारात कळला. आधी वाळवलेला मासा गेला. मग रॉकेल, कापड, तापाच्या गोळ्या. शेवटी मीठ. नोटा मात्र भरपूर होत्या, नवीन छापलेल्या, कोऱ्या करकरीत. मास्तरांचा महिन्याचा पगार दिला तर पेलाभर मीठ मिळायचं, तेही वाळू मिसळलेलं. कसावा कंदाचा अळणी घास पोरं तोंडातून बाहेर काढायची. पुढे पोरांचे पाय सुजले, पोटं फुगली, केस तांबडे झाले. माझी उलोमाही तशीच झाली. दवाखान्यातली बाई म्हणाली, "हिला चवळी द्या, अंडी द्या, मासे द्या." मी म्हटलं, "बाई, मग आकाशातला चंद्रही देते, तो जवळ आहे."

तेव्हा सगळ्या गावाला ओगेरी आठवली. नदीपलीकडच्या बायका सैनिकांची नजर चुकवून लपतछपत यायच्या, टोपलीत चवळी, अंडी, सुकवलेले मासे घेऊन. नोटा दाखवल्या की तोंड फिरवायच्या. मीठ दाखवलं की टोपली डोक्यावरून खाली उतरायची. ओगेरीने मीठ स्वतःच्या घरात साठवलं नाही. मिठावर आलेली चवळी ती घरोघर वाटायची, ज्या पोराचे पाय जास्त सुजलेले त्याला आधी. आता सगळ्याच जणी पदर खोचून तळ्यावर हजर झाल्या.

पण तळ्याचा नियम आहे. लेकुरवाळीनेच पाण्यात उतरायचं. आणि घरातलं माणूस गेलं की त्या बाईने डोकं भादरायचं, वर्षभर तळ्यात पाय घालायचा नाही. सुतकी पाय पडला तर पाण्याचं खारेपण जातं. एरवी एखाद-दुसरी बाजूला बसायची, काम अडायचं नाही. लढाईत मात्र रोज कुठल्या ना कुठल्या अंगणातून रडणं उठायला लागलं. शेजारच्या रोझलिनचे दोन्ही मुलगे एका पाठोपाठ गेले. माझा नवरा गेला. लढाईतला दुसरा पाऊस सरला तेव्हा पाण्यात उतरू शकेल अशी गावात एकच बाई उरली होती. आम्ही बोडक्या डोक्याच्या बाया काठावर बसून लाकूड फोडायचो, जाळ बघायचो. ओगेरी एकटी गुडघाभर पाण्यात उभी राहून मडकी भरायची.

एका दुपारी शिवेपाशी कुबड्यांवर एक पोरगा येऊन उभा राहिला. बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. चुलीपाशी मी आणि पाण्यात ओगेरी.

"ओन्वुबिकोची आई कोण?" त्याने विचारलं.

ओगेरी वळली. पोराने मान खाली घातली. "मावशी, मी त्याच्या शेजारीच होतो. पुलाजवळ आम्हीच त्याला पुरलं."

"चुकलास, बाळा," ती म्हणाली. "ओन्वुबिको नावाची पोरं गावोगाव आहेत."

"मावशी, त्याचे पुढचे दात..."

"चुकलास म्हटलं ना."

ती बाहेर आली, पानात मूठभर मीठ बांधलं, त्याच्या हातात दिलं. "हे तुझ्या आईला दे. आणि गावात कुणाशी बोलत बसू नकोस, सरळ घरी जा." तो गेला. ती परत पाण्यात उतरली आणि तिथेच उभी राहिली, मडकं रिकामंच. चुलीकडे बघून म्हणाली, "जाळ कमी झालाय, बघ." आणि मग, "तू काय ऐकलंस?"

उलोमा माझ्या मांडीवर होती. तिच्या पायांची सूज तेव्हा कुठे उतरायला लागली होती.

"काही नाही," मी म्हटलं.

"मीही नाही."

आईने लेकाचं मरण गिळायचं, आणि तेही कशासाठी, तर माझ्या पोरीच्या पोटात चवळी जावी म्हणून.

त्यानंतर ती दर आठवड्याला माझ्याकडून केस गुंफून घ्यायची, कुणाला शंका नको म्हणून. रोझलिनला तेच सलायचं. एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझं बरं आहे, बिकोच्या आई. आम्ही टकल्या झालो, तुला नटायला वेळ आहे."

"हो, बरं आहे माझं," ओगेरी म्हणाली. "टोपली पुढे कर. नातवाचा वाटा ने."

मी तोंड आवरलं. कसं आवरलं, माझं मला ठाऊक.

लढाई संपली. आम्ही हरलो. थोड्याच दिवसांत बाजारात ट्रक लागला, मिठाच्या पोत्यांनी भरलेला. माणसं नाचली. काही जणांनी मुठी भरून मीठ तोंडात टाकलं. ओगेरीने तळ्यावरची मडकी पालथी घातली, घरी आली, अंगणात बसून वेण्या सोडल्या आणि मला हाक मारली. "वस्तरा आण."

बायका जमल्या. रोझलिन हसली. "गिऱ्हाईक तुटलं म्हणून एवढं सुतक?"

"बिको गेला," ओगेरी म्हणाली.

"कधी गं?"

"मागचा पाऊस नाही, त्याच्या आधीचा. तो सरला तेव्हा."

त्यानंतर कुणी किती मीठ खाल्लं ते ज्याला त्याला आठवत होतं. सगळ्यांनी ओरिया आजीकडे बघितलं. तळ्याचा निवाडा तिच्याकडे असायचा. आजी म्हणाली, "तळ्याचं मी बघते. आधी हिचं बघा."

मी डोकं भादरलं. आमच्यात पहिला हंबरडा आईने फोडायचा, मग बाकीच्यांनी रडायचं. ओगेरीने तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मग ती आमच्याकडे बघून हळूच म्हणाली, "मला येईना गं. तुम्हीच सुरू करा."

रोझलिन तिच्यासमोर धुळीत बसली आणि बिकोच्या नावाने ओरडली. मग आम्ही सगळ्याच. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत आम्ही केलं. ओगेरी मध्ये बसून कोरड्या डोळ्यांनी एकेकीचं तोंड बघत होती.

ती मरेपर्यंत मी तिला रडताना पाहिलं नाही. त्यालाच ही माणसं कडक म्हणतात.