न्याईच्या पानावरचा संबल

कनगांबाळला कुणाची किळस यायची, तर दुसऱ्याच्या चुलीपुढे उभं राहून नाक मुरडणाऱ्यांची. मलाक्कातल्या चिट्टी वस्तीत ती जन्मली, तिथंच नांदली, तिथंच विधवा झाली. देवळाच्या वळणावर नारळाच्या दुधातला भात विकून तिनं घर ओढलं. हात तमिळ मुनीश्वरापुढे जोडायची, भांडायची मात्र मलाय भाषेत, वस्तीतल्या सगळ्यांसारखी.

भोगीला वस्तीत पितरांना पानं वाढतात. मेणबत्ती लावायची, दार लोटायचं, बाहेर बसायचं. आत मेलेली माणसं जेवतात. त्यांचं होईस्तोवर जिवंतानं चव घ्यायची नाही आणि दार उघडायचं नाही. यंदा तिच्या आईचं पहिलं पान होतं. सगळी वस्ती म्हातारीला न्याई म्हणायची. मरताना न्याईनं बजावलं होतं, "पानात संबल नसला तर मी उठून जाईन."

संबल म्हणजे मिरची आणि बेलाचान वाटून केलेली चटणी. बेलाचान म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी. विस्तवावर धरली की अर्धी गल्ली खोकते.

पान वाढायचा मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा, म्हणून भाचा तेवनायगम क्वालालंपूरहून आला. आला तो नाकाला रुमाल लावूनच.

"माक लोंग," तो आत्याला म्हणाला, "आपण चिट्टी, तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. पितरांपुढे कुजका जवळा ठेवतात का? लोक हसतात आपल्याला. मी सांबार आणलंय, शुद्ध."

"शुद्ध काय असतं रे?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"सगळं कळतं. जहाजातून नुसते बापे उतरले. बायका काय खिशात घालून आणल्या होत्या? इथल्या मलाय पोरींनी त्यांना शिजवून घातलं, त्यांची पोरं काढली. त्यातलाच तू एक. लहानपणी हाच संबल बोटानं चाटायचास, तेव्हा नाही वास आला?"

त्यानं संबलाची वाटी उचलली. पटलं असेल, असं तिला वाटलं.

त्यानं पानं वाढली, दार लोटलं. मंडळी ओट्यावर बसली. कनगांबाळ पाणी आणायला मागं गेली, तर मोरीच्या कडेला, फडक्याखाली, संबलाची वाटी. भरलेली, तशीच.

आत आई बसली होती, आणि पानाची डावी बाजू रिकामी.

वाटी घेऊन ती दाराशी गेली. तेवनायगम आडवा आला. "दार उघडायचं नसतं, माक लोंग. रीत आहे."

"आता आठवली होय रीत?" कोपरानं त्याला बाजूला सारून तिनं कडी वाजवली आणि दार उघडलं. "सरका गं जरा," ती आत बघून म्हणाली, "एक वाढायचं राहिलंय."

न्याईच्या पानात डावीकडे तिनं वाटी ठेवली, सांबाराचं पातेलं उचलून आणलं आणि दार पुन्हा लोटलं.

मेणबत्ती विझल्यावर सगळे जेवायला बसले. तेवनायगमचा हात सवयीनं संबलाकडे गेला. तिनं वाटी ओढली.

"राहू दे. मलायणीचं उष्टं आहे ते."

वर साय धरलेलं गार सांबार तिनं त्याच्या भातावर ओतलं.

"हे खा. शुद्ध."