मणियाराचा सलीम आणि गावाची पांढरी

सलीम गेल्याची बातमी घेऊन त्याचा मुलगा आला, तेव्हा मी मेथीच्या वाफ्यांना पाणी देत होतो. डोळे भरण्याआधी मला सलीमचं गडगडाटी हसणंच ऐकू आलं...

मंगरूळपीरच्या बाजारात त्याच्या अब्बांचं, युसूफचाचांचं, बांगड्यांचं दुकान. शेजारीच आम्ही भाजी विकायला बसायचो. मॅट्रिकनंतर मी मळ्यात राहिलो, तो नागपूरला कॉलेजात गेला. चाळीसच्या दशकातली गोष्ट. बी.ए. होऊन आला आणि म्हणाला, आता पुण्याला पुरातत्त्व शिकतो.

"जुने मडके उकराले कालेज कायले लागते बेटा?" चाचा म्हणाले. "वकील होय!"

"सरकारी खात्यात नोकऱ्या हायत अब्बा. कालेजात शिकवता येते, अजबखान्यात काम भेटते."

"अजबखान्यात? पेंढा भरलेल्या वाघाच्या बाजूले तुले उभं करतीन काय?"

सगळं दुकान हसलं, सलीमही हसला. पण गेला. चाचांनी मन मारून एका वर्षाची मुदत दिली होती; तेवढ्यात जमलं नाही तर वकिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मला किन्हीराजाजवळच्या पांढरीवर घेऊन गेला. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. शेतकरी तिथली माती खत म्हणून नेतात. माती नेऊन उभ्या राहिलेल्या कडेत काहीतरी पांढरं चमकत होतं. मी हात घालणार, तोच तो ओरडला, "थांब! ते कुठं पडून हाय, तेच तर पाहाचं राह्यते!" मग भर उन्हात त्यानं खोली मोजली, चित्र काढलं, चाकूच्या टोकानं माती सोडवली. शंखाच्या बांगडीचा तुकडा होता.

संध्याकाळी तो त्यानं चाचांच्या तळहातावर ठेवला. "हजारेक वर्षं तरी जुनी असंल, अब्बा."

चाचांनी तो दिव्याजवळ नेऊन फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे... आपला धंदा तवाही होता?" दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते बैलगाडीनं पांढरी पाहायला गेले! त्यानंतर मुदतीचं नावच निघालं नाही. बांगड्या भरायला आलेल्या प्रत्येक बाईला ते सांगत, "माहा पोरगा हजार वर्षाच्या बांगड्या शोधून राह्यला."

सलीम पुढे खात्यात लागला, गावोगाव उत्खननं केली, शेवटी अजबखान्याचा, म्हणजे संग्रहालयाचा, प्रमुख झाला. सुट्टीला आला की माझ्या मळ्यात हिंडायचा. खापराचा तुकडा दिसला की उचलून बाहीला पुसायचा आणि विचारायचा, "कोणाच्या घरचं हायेस रे बाबू?"

परवा नांगराखाली असंच एक खापर वर आलं. मी ते बाहीला पुसलं... आणि विचारलं.