सेलूला अडलेले रविवार

आमच्या घरी परदेशातली एक मुलगी राहायला आली तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार असेल. मुलगी डेन्मार्कची. वर्ध्याबाहेरच्या एका संस्थेत सूत कातणं आणि झाडपाल्याचे रंग करणं शिकायला ती वर्षभरासाठी आली होती. बाबा कचेरीत कारकून. साहेबांनी विचारलं, एखादं बरं घर आहे का हिच्यासाठी, आणि बाबांनी आईला न विचारता आपलंच घर सांगून टाकलं. आई आठ दिवस फुगून बसली. मग त्या मुलीने भेदराची, म्हणजे टमाट्याची, चटणी तीनदा मागून घेतली आणि आईचा राग गेला. आम्ही तिला पाहुणी म्हणायचो. वर्ष संपेपर्यंत ती पाहुणीच राहिली.

पाहुणीला एक खोड होती. सुट्टीच्या दिवशी घरात बसायचं नाही. तिच्याकडची सगळी शिकणारी मुलं शनिवार-रविवारी पिशवीत पाव टाकून कुठेतरी काहीतरी पाहायला निघतात म्हणे. आणि दुसऱ्याच्या देशात शिकायला आलं की पाच दिवस पुस्तकं आणि दोन दिवस देश, असा तिचा हिशेब. तिची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. त्यात पाहायच्या जागांची यादी. सेवाग्राम, पवनार सायकलवर पाहून झाले, त्यांच्यापुढे बरोबरची खूण झाली. मग संस्थेतल्या कोणीतरी तिला बोर धरणाचं सांगितलं. डोंगर आहे, जंगल आहे, मोर आहेत, आणि मधोमध हे एवढं पाणी. झालं. धरण यादीत सगळ्यात वर गेलं आणि त्याच्याखाली तिने दोन रेघा मारल्या.

परक्याची पोर एकटी कशी सोडायची, असं बाबांचं म्हणणं, म्हणून सोबतीला मी. मला कोण आनंद झाला! एकोणीस वर्षांची होते, लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, आणि नातेवाइकांच्या लग्नांशिवाय मी कुठलं गाव पाहिलेलं नव्हतं. नुसतं पाहायला म्हणून कुठे जाणं हे आमच्या घराला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे माणूस माणसाकडे जातो. तिथे डोंगर असला तर दिसतो, नसला तर नाही. लग्न ठरायच्या आत एकदा तरी मला धरण पाहायचं होतं, आणि ते पाहुणी परत जायच्या आतच जमणार होतं. ती गेल्यावर मला कोण पाठवतंय!

अडचण एकच होती. वर्ध्याहून सेलूला गाड्या बऱ्याच, पण पुढे धरणाला सकाळच्या दोनच, आठची आणि अकराची, आणि दोन्ही सेलूवरून. सेलूला माझी आत्या. स्टँडपासून तिचं घर पाच मिनिटांवर. सेलूवरून जायचं आणि आत्याकडे पाणी न पिता पुढे जायचं, हे आमच्यात बसत नाही. तसं केलं असतं तर आम्ही घरी पोचायच्या आधी ती बातमी वर्ध्याला पोचली असती आणि आईला वर्षभर पुरली असती. म्हणून ठरलं असं की आठच्या गाडीने सेलूला उतरायचं, आत्याकडे पाणी प्यायचं आणि मागून येणारी अकराची गाडी धरायची. पाहुणीला मी समजावून सांगितलं की फक्त पाणी.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पन्नाशीची, उंच, हाडापेराने मजबूत. घरची केळीची बाग, मुलं नोकरीला लागून नागपुरात, घरात ती आणि तिचे यजमान. यजमान पहाटेच बागेत जात. आत्याच्या पाण्यात पहिल्या रविवारी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता, पोळ्या होत्या, वर गोळाभात होता. पाहुणीने पातोडी दुसऱ्यांदा घेतली तेव्हाच अकराची गाडी स्टँडवरून गेली. तिचा भोंगा मला आत ऐकू आला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निघताना आत्याने कुंकू लावून दोघींची ओटी भरली. आम्ही तांदूळ आणि एकेक फणी केळी घेऊन वर्ध्याला परत.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, काय पाहिलं? पाहुणी म्हणाली, "आत्या."

दुसऱ्या रविवारी आम्ही घरूनच जेवून निघालो आणि आत्याला तसं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की म्हणजे माझ्या हातचं आता चालत नाही. मग काय करता, बसलो. तिसऱ्या रविवारी मी दारातूनच बोलले की आज खरंच वेळ नाही. आत्या म्हणाली, बरं बापा, उभ्या-उभ्या चहा तर घ्या. चहाच्या आधी तिने दूध तापत ठेवलं, दुधाच्या आधी चूल पेटवली, आणि चुलीच्या आधी पाहुणीला बाग दाखवायला नेलं. चौथा रविवारही तसाच गेला. पाहुणीच्या वहीत पाहिलेल्या जागांच्या यादीत ओळीने सेलू, सेलू, सेलू, सेलू. ती हसायची, पण मला माहीत होतं, रात्री ती वहीचं पहिलं पान उघडून त्या दोन रेघांकडे बघत बसायची. मी तर आत्याचं नाव काढलं की चिडायचे. आईला म्हणायचे, तुझी नणंद आहे की जकात नाका?

एक मात्र सांगायला हवं. आत्या दर रविवारी धुवट मोतिया लुगडं नेसून, केस ओले विंचरून बसलेली असायची. मला वाटायचं, गोरी पाहुणी येणार म्हणून थाट. आणि वाढता-वाढता ती काहीबाही विचारायची. धरणावर बाया जाते का? मोटर परत किती वाजता येते? भिंतीवर चढू देते का? मी घास गिळत एका शब्दात उत्तरं द्यायचे. आम्हाला बोलण्यात गुंतवून ही गाडी घालवते, एवढंच मला त्यातून समजत होतं.

मार्च लागला. पाहुणी गुरुवारी नागपूरहून दिल्लीला निघणार होती, म्हणजे एकच रविवार उरला. शनिवारी तिने पहिल्यांदाच मला नीट सांगितलं, की तिच्या वडिलांना तिने पत्रातून धरणाबद्दल चारदा लिहिलंय, दर वेळी "पुढच्या रविवारी" म्हणून, आणि आता पाचव्यांदा तसं लिहायचं तिच्या जिवावर येतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, उद्या सेलूला उतरायचंच नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याला चुकवायला निघाले होते. पाहुणीचे पिवळे केस लांबून ओळखू येणार, म्हणून तिला आईचं पातळ नेसवलं आणि डोक्यावरून पदर दिला. बाबा सगळं बघत होते. पेपर तोंडासमोर धरून हसत होते. आठच्या गाडीवर आत्याचा डोळा असणार, म्हणून अकराची धरली. तीत आम्ही मागे, स्टँडच्या उलट्या बाजूला बसलो. सेलू आलं. पाहुणीला म्हटलं, खाली वाक, चप्पल शोधल्यासारखं कर. दोघी चप्पल शोधत वाकलो. उतरणारे उतरले, चढणारे चढले, कंडक्टरने घंटी मारली, गाडी निघाली. जीव भांड्यात पडला. मी डोकं वर काढलं.

पुढच्या बाकाच्या दांड्याला धरून आत्या उभी होती. मोतिया लुगडं, हातात वायरची पिशवी. कंडक्टरकडून धरणाचं तिकीट घेत होती. एकच तिकीट.

तिने वळून पाहिलं. आधी मला, मग पदराखालच्या पाहुणीला. मला वाटलं आता बस, संपलं. पण पाहते तर आत्याच चोरी पकडल्यासारखी लाल झालेली! पिशवी पाठीमागे लपवायला लागली. आधी तीच बोलली, "घरी पातोडी करून ठेवली तुमच्यासाठी. किल्ली शेजारी देली. आठच्या मोटरनं तुमी आल्या नाई. मले वाटलं, मांगून येसान, जेवसान, तवरिक मी पाहून येतो."

काय पाहून येतेस, असं मी विचारलं. वेडीच मी.

आत्या आमच्या समोरच्या बाकावर टेकली. मग सांगत गेली. धरण बांधत होते तेव्हा गिट्टीचे ट्रक तिच्या दारावरून जायचे, वाळत घातलेल्या पापडांवर धूळ बसायची. मग धरणाचा नहर, म्हणजे कालवा, आला, आणि नहराच्या पाण्यावर त्यांची केळी उभी राहिली, मुलांची शिक्षणं झाली. पण ते पाणी कुठून येतं ते तिला कोणी दाखवलं नाही. यजमानांना विचारलं तर ते म्हणत, पाण्याले काय पाहा लागते. आणि एकट्या बाईने नुसतं पाहायला म्हणून जायचं तरी कसं.

"चार आइतवार लुगडं नेसून बसली मी," ती म्हणाली. "वाटलं, आज पोरगी म्हणन, आत्या, चाल. जेवू घातलं, बाग दाखवली, इचारून पाह्यलं. पण तुनं म्हटलंच नाई. मंग आज म्या म्हटलं, आपुनच जावं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तिचा जकात नाका केला होता, आणि ती बिचारी दर रविवारी आमच्यासारखीच निघायला तयार होऊन बसत होती. तिनेही विचारलं नाही, कारण आपल्याला न्या असं पाहुण्यांना कसं म्हणायचं. मीही विचारलं नाही, कारण जिच्याकडे जेवायचं असतं तिलाही कुठे जायचं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रडायला लागले. पाहुणीने पदर खाली टाकला, उठून आत्याशेजारी जाऊन बसली आणि तिचा हात धरला तो वाटेतलं हिंगणी गाव मागे गेलं तरी सोडला नाही.

धरण मोठं होतं. याहून जास्त मला त्याचं वर्णन करता येत नाही, कारण मी सारखी आत्याकडेच पाहत होते. पदर कमरेला खोचून ती भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. नंतर खाली पाण्याशी आली, पिशवीतून नारळ, खण आणि मूठभर तांदूळ काढले आणि पाण्याची ओटी भरली. दर रविवारी आमची भरायची तशीच, कुंकू लावून. मग दगडावर बसून पाय पाण्यात सोडले. मोर काही दिसला नाही. पाहुणीने वहीत दोन रेघांपुढे खूण केली आणि त्याच्यापुढे मराठीत लिहिलं, आत्यासोबत.

परतीच्या गाडीने सेलूला आम्ही तिघी उतरलो. पातोडी गार झाली होती, तरी खाल्ली. वर्ध्याच्या गाडीपर्यंत आत्या पोचवायला आली. पाहुणीची ती शेवटची भेट, दोघी गळ्यात पडून रडल्या. गाडी लागली. पायरीवर चढता-चढता मी वळले. लाज वाटत होती, पण म्हटलंच, "आत्या, पुढच्या आइतवारी केळझर पाहाले जाऊ. चालतं?"

आत्याने डोळे पुसले. पदर सारखा केला. माझ्याकडे असं पाहिलं जसं पहिल्यांदाच पाहते आहे.

"येजो," ती म्हणाली, "पन सैपाक मी नाई करत."