फोनवरून काढलेली दृष्ट

फोन उपडा टाकू, बंद करू, का सरळ विहिरीत फेकू, मला काय सुचेना! सासूबाई बोलून बसल्या होत्या आणि मस्कतची माझी शेजारीण फोनमधून टकामका बघत होती.

आम्ही मे महिन्यात पूर्णगडला घरी आलेलो. आमचे हे मस्कतला गॅरेजात, मी तिथंच शिवणाच्या दुकानात. मी कामावर गेले की माझं पोर ह्या शेजारणीकडं. ती आफ्रिकेतली, टांझानियाची. तिनं उद्या नाय म्हटलं तर माझं काम गेलंच, आणि परक्या मुलखात मला दुसरं आहे कोण?

जरा आधीच मी पडवीत बसून सासूबाईंना सांगत होते, की तिकडं गिऱ्हाईक बाया आम्हाला बघून नाकाला ओढणी लावतात. म्हणतात, तुम्हा लोकांच्या अंगाला मसाल्याचा वास येतो. हसत हसत म्हणतात हो! उन्हात वाळत घातलेली आंब्याच्या रसाची साठं उलटता उलटता सासूबाई अशा तापल्या! "मेल्यांच्या जिभेला हाड नाय! माणसाला असं बोलतात?"

आणि तेवढ्यात फोन आला. शेजारणीचं बाळ, गुटगुटीत, खाली दोन दात. तीट लावायला मीच शिकवलेलं तिला. पण काजळ त्याच्या गालावर दिसेना, म्हणून बाईनं टूथपेस्टचा पांढरा ठिपका लावलेला. कौतुकानं दाखवत होती.

सासूबाई डोकावल्या नि फस्सकन हसल्या. "अगो, ह्या कोळशाला कोणाची दृष्ट लागतेय? तीट फुकट घालवली!"

त्यांना वाटलं, तिला काय कळतंय. पण माझं इंग्रजी आठवीतच सुटलेलं. तिच्याशी मी दोन वर्षं मराठीतच बडबडले. तिला सगळं कळतं. शिव्यासुद्धा.

तिनं बाळाकडं बघितलं, मग आमच्याकडं. "लागली ना आजी. तुमचीच लागली. आता काढा."

सासूबाईंचा हात साठांवरच राहिला. मला कोपरानं ढोसून विचारतात, "हिला मराठी येतं होय गो?"

"तुमच्यापेक्षा बरं बोलते, आई." घाबरले की माझ्या तोंडातून कायपण निघतं.

मग काय! डोक्यावर पदर, मुठीत मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या, आणि सासूबाई फोनवरून मूठ फिरवतायत. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..."

"आजीची पण म्हणा," फोनमधून आवाज.

"आजीची पण," सासूबाई गुमान म्हणाल्या. माझं पोर हसून हसून जमिनीवर लोळत होतं.

मूठ चुलीत गेली. आमच्यात असं की, मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, नाय लागला तर नक्की लागलेली. आम्ही दोघी चुलीवर वाकलो. ठसका नाय! साधी शिंकसुद्धा नाय.

सासूबाईंचं तोंड उतरलं. माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "सांग तिला, खोकून खोकून मेलो म्हणून. माझी अब्रू राख गो."

तिकडं शेजारीण बाळाला थोपटत विचारतेय, "ठसका आला का? खरं सांग हां."

महिन्याभरानं पोर तिच्याच दारात सोडायचं होतं, आणि तोवर राहायचं सासूबाईंच्याच घरात. तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत?