अमेरिका गुरुजी आणि आमचा रांजण

आमचे अमेरिका गुरुजी बडनेऱ्याच्या पलीकडे फारसे कधी गेले नव्हते, पण वर्गात शिरले की थेट अमेरिकेतच उतरायचे. खडू मोडला तरी तिकडचा खडू कसा मोडत नाही, हे सांगायचे. त्यांचं खरं नाव शाळेत फक्त मस्टरला माहीत होतं.

अमरावतीच्या त्या शाळेत ते अजून कायम झाले नव्हते. स्नेहसंमेलनातलं प्रदर्शन चांगलं झालं तर शिफारस करतो, असं हेडमास्तर म्हणाले होते. गुरुजींनी विषय निवडला, अमेरिकेतल्या काळ्या लोकांची समान हक्कांची चळवळ. नावं अमेरिकेला ठेवायची असल्यामुळे हेडमास्तरही खूश झाले. आम्ही सातवीची पोरं वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं उपसू लागलो. "कोनं सांगतलं ते लिहू नका, कोनं सोसलं ते लिहा," असं गुरुजी बजावायचे.

तक्त्यासाठी माझ्याकडे बस आल्या, वर्गातल्या सुमनकडे पाण्याचे नळ. गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा, वर तशा पाट्या. एक दिवस तिनं विचारलं, "गुरुजी, तिकडं पाटी काहून लावतात? आमाले तं पाटी नसली तरी समजते."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. शाळेच्या व्हरांड्यातल्या रांजणातून आम्ही आपल्या हातानं पाणी घ्यायचो आणि सुमनच्या ओंजळीत शिपाई वरून ओतायचा. तिच्या घरच्यांनी बुद्ध धम्म स्वीकारून बरीच वर्षं झाली होती, पण रांजणाला ते कोणी कळवलं नव्हतं. गुरुजी रोज त्याच रांजणाचं पाणी प्यायचे. इतक्या लांबची अमेरिका दिसणाऱ्या माणसाला व्हरांडा त्या दिवशी दिसला.

प्रदर्शनात सुमनच्या तक्त्यावर ओळ होती, 'अमेरिकेत नळावर पाटी लावतात. आपल्याकडे पाटीची गरज नाही.' प्रमुख पाहुण्यांनी ती मोठ्यानं वाचली, ते गहिवरले आणि आपल्या थोर संस्कृतीवर बराच वेळ बोलले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. हेडमास्तरांनी गुरुजींकडे समाधानानं पाहिलं. नोकरी कायम झाल्यातच जमा होती. गुरुजींनी फक्त गप्प बसायचं होतं.

ते उठले. "साहेब, हे कौतुक नाही, तक्रार हाय. रांजण व्हरांड्यातच हाय. चाला, दाखवतो."

पाहुण्यांना तहान नव्हती. महिनाअखेरीस गुरुजींना नारळ मिळाला. धामणगावात एका अडत्याकडे त्यांनी कारकुनी धरली.

जायच्या दिवशी ते सुमनच्या घरी निरोप घ्यायला गेले, मी सोबत होतो. तिच्या आईनं आम्हा दोघांपुढे चहा ठेवला. मी म्हणालो, मी घरून पिऊन आलो. खरं तर त्या सकाळी आमच्या घरी चूलही पेटली नव्हती. सुमन माझ्याकडे बघत होती. त्या खोट्याची मला अजून लाज वाटते.

 आपला चहा संपवून गुरुजींनी माझा कप पुढे ओढला आणि तोही पिऊन टाकला.