हिरव्या झग्याचा अंक

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंग म्हणायचे. खिशात कायम एक छोटं भिंग असायचं, त्यावरून ते नाव पडलं. सुट्टीच्या दिवशी तेच भिंग जुन्या कॉमिक्सवरून फिरायचं. एकाच अंकाच्या दोन प्रती शेजारी ठेवून एकीत कुठे रंग सरकलाय, दुसरीत कुठे अक्षर उलटं छापलंय, हे शोधण्यात त्याचा सबंध दिवस जायचा. बायको म्हणायची, "माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं असतंत, तर मी नवी साडी नेसलेली तरी कळलं असतं."

या वेडात त्याचा जोडीदार होता लांबू. शाळेच्या बाकापासूनची मैत्री. दोघं मिळून रद्दीची दुकानं पालथी घालायचे आणि सापडलेल्या अंकावरून भांडायचे. पुन्हा एकत्र चहाही प्यायचे. लांबूला आईबाप नव्हते, थोरल्या बहिणीनं वाढवलेलं. भिंगही तिला लहानपणापासून ताईच म्हणे, आणि तिच्या लेकीचा तो मामा होता.

दोघांच्या बोलण्यात एक अंक नेहमी यायचा. 'वाटाड्या' नावाच्या मालिकेतला. वाटाड्याचा झगा लालभडक असायचा. पण त्या एका अंकाच्या छपाईत लाल शाई संपली म्हणे, आणि थोड्या प्रती हिरव्या झग्याच्या निघाल्या. छापखान्यानं त्या परत मागवल्या, तरी काही बाहेर गेल्याच. भिंगनं त्या अंकासाठी आयुष्य झिजवलं. विषय निघाला की लांबू नुसता हसायचा.

लांबू गेला. आजारपण असं फारसं झालंच नाही. काही दिवसांनी ताईनं भिंगला बोलावून घेतलं.

"त्याची ट्रंक तूच बघ रे," ती म्हणाली. "काय ठेवायचं, काय देऊन टाकायचं, ते तुलाच कळणार. आमच्यासाठी सगळी चित्रंच."

ती चहा टाकायला आत गेली. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला तो अंक निघाला. हिरवा झगा. भिंगला आधी आनंद झाला आणि लगेच राग आला. इतकी वर्षं हा माणूस आपल्यासमोर बसून हसत होता, आणि अंक याच्याच घरात! "लबाडा," तो रिकाम्या खोलीत पुटपुटला.

तेव्हाच मोह होऊन त्यानं तो पिशवीत टाकला असता, तर निदान मोह झाला असं म्हणता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. अंक नीट गुंडाळून ठेवला, चहा प्यायला, घरी गेला. पुढच्या सुट्टीला येताना स्वतःकडची लाल झग्याची प्रत बरोबर आणली, आणि ताईची पाठ वळताच अदलाबदल केली. अभ्र्याची घडीसुद्धा होती तशी घातली.

"याच्यात विशेष असं काही नाही, ताई," तो म्हणाला. "पण आठवण म्हणून ठेव सगळं."

घरी तो अंक कपाटात गेला. ज्याच्यासाठी जन्म काढला, तो हाताशी असून त्याला तो उघडवेना. लांबू असता तर पहिल्यांदा त्यालाच दाखवला असता. आता दाखवायचा कुणाला आणि कुठल्या तोंडानं?

पुढे एकदा तो ताईकडे गेला, तेव्हा लाल अंक तिच्या मांडीवर होता.

"काय रे," तिनं विचारलं, "ह्याचा झगा हिरवा होता ना?"

खाई त्याला खवखवे. तरी तो म्हणाला, "नाही गं ताई. लालच होता. वाटाड्याचा झगा लालच असतो."

त्यातलं त्याला कळतं, हे ताईला ठाऊक होतं. म्हणून तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "मग मला कुठला आठवतोय?"

त्याला निरोप द्यायला लेक दारापर्यंत आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "मामा, आईचं काही खरं नाही. परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेली. आणि आता हे हिरवा-लाल. सारखी मला विचारते, हे असंच झालं होतं ना, ते तसंच झालं होतं ना. मी तिला माझ्याकडे नेणार आहे. हे घर बंद करून टाकू."

"घाई करू नकोस," भिंग म्हणाला. तेवढंच म्हणाला.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "अहो, मग गुपचूप परत ठेवून या! कुणाला कळणार आहे?"

त्यालाही आधी तेच सुचलं होतं. पण कालपर्यंत लाल असलेला झगा आज हिरवा दिसला, तर ती बाई स्वतःला काय समजेल? चोरी परत ठेवता आली असती, पण आपण तिला जे सांगितलं ते कसं परत घ्यायचं? तो दिवस ढकलत राहिला. कामावर एक काच उलट्या बाजूनं घासली, मालकाचं बोलणं खाल्लं, आणि ते बोलणं बरंच वाटलं. कुणीतरी रागावलं तरी.

मग एका दुपारी ताईच दुकानात आली. लेक सोबत नव्हती. ती एकटी चालत आली होती, धाप लागली होती.

"माझे डोळे तपास," ती म्हणाली. "नंबर नको. रंग बघ. मला रंग नीट दिसतात का, ते सांग."

दुकानात रंगीत ठिपक्यांची पानं होती, ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे ओळखायची. भिंग एकेक पान पुढे करत गेला. ताई शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून एकेक आकडा वाचत गेली. एकही चुकला नाही.

"डोळे ठणठणीत आहेत, ताई."

ती बराच वेळ हातातल्या पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. "म्हणजे डोक्यातच बिघाड आहे," ती म्हणाली. "डोळ्यांचं असतं तर बरं झालं असतं रे."

भिंगला आता तिथे उभं राहवेना. मालकाला न विचारता त्यानं दुकानाचा कोट काढला. "चल, तुला घरी सोडतो," तो म्हणाला. वाटेत स्वतःच्या घरी थांबला, कपाटातून अंक घेतला. ताईनं पिशवीत काय आहे ते विचारलं नाही.

लेक घरी होती, आईला शोधून रडकुंडीला आलेली. भिंगनं उभ्याउभ्याच अंक काढून टेबलावर ठेवला.

"ताई, झगा हिरवाच होता. मी बदलला. हा मी चोरला आणि माझा लाल ठेवला. आणि तू विचारलंस तेव्हा तोंडावर खोटं बोललो."

ताईनं अंक उचलला, मुखपृष्ठावरून बोट फिरवलं. मग लेकीकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? हिरवा होता." आणि तिला रडू फुटलं. सुटका झाल्यासारखं ते रडणं होतं. भिंगला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

"मामा, तुम्ही?" लेक म्हणाली. "मी हिला डॉक्टरकडे घेऊन फिरतेय, आणि तुम्ही?"

"तो माझा अंक आहे," ताई डोळे पुसत म्हणाली. "लहानपणी मी तापानं अंथरूण धरलं होतं, तेव्हा लांबूनं आणून दिला. म्हणाला, बघ ताई, हा पण आजारी आहे, हिरवा पडलाय. मी किती दिवसांनी हसले. म्हणून उशीखाली ठेवायचे. पुढे त्यानंच तो अभ्र्यासकट आपल्या ट्रंकेत जपून ठेवला." ती भिंगकडे वळली. "त्यानं तुला का नाही सांगितलं, माहीत आहे? तू मागितला असतास. आणि त्याला तुला नाही म्हणता आलं नसतं."

भिंग हात जोडून काहीतरी बोलू लागला.

"तू जा आता," ताई म्हणाली. "तुझा लाल घेऊन जा."

ताई स्वतःच्या घरातच राहिली. गॅस मात्र खरंच चालू राहिला होता, त्यामुळे लेक रोज येऊन बघून जाते. भिंगला कुणी बोलावलं नाही, आणि तोही गेला नाही. रद्दीच्या दुकानात तो अजून जातो. काही सापडलं तर हातात धरून उभा राहतो, आणि बरेचदा तिथेच ठेवून परत येतो.

वर्ष उलटून गेल्यावर ताई दुकानात आली. चष्मा दुसरीकडून केलेला होता, दांडी वाकडी बसली होती, कानामागे लाल वळ उठला होता. मालक पुढे झाला, तर ती म्हणाली, "मागे बसतो त्याला बोलवा."

भिंग बाहेर आला. तिनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"माझ्याकडे ये, असं मी तुला म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण हे टोचतंय. नीट कर."

त्यानं दांडी गरम केली, हलकेच वाकवली, तिच्या कानावर बसवून पाहिली. पुन्हा काढली, पुन्हा बसवली.

"आता?" त्यानं विचारलं.

ताईनं मान डावीकडे, उजवीकडे वळवून पाहिली. "आता बरंय," ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघाली.